तरंगण्याचे दिवस

दिवाळीनंतरच्या पहिल्या मोठ्या ओहोटीला खारवेळच्या खाडीतला कातळ उघडा पडला, तेव्हा तो काळा नव्हता. कुणी पोतंभर रवा उधळावा तसा फिकट पिवळा थर त्याच्यावर पसरला होता. धक्क्याच्या खांबांवर, नांगरलेल्या होड्यांच्या तळांवर, कांदळवनाच्या मुळांवर, चिखलात रुतलेल्या एका फुटक्या बादलीच्या आतसुद्धा तोच थर. हात फिरवला की बोटांना खरखर लागायची. ते शंख होते. तिळाएवढे, लाखोंनी.

आनंदी गिरकरने गुडघाभर पाण्यात उभं राहूनच फोन लावला. "उत्तरा, आसशीत तशी ये! देवान आमची लाज राखल्यान गो!"

उत्तरा कुबल तिची भाची. लहानपणीच आई गेली, तेव्हापासून मावशीच्या घरात वाढलेली. आता ती खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या 'वेलांकुर' कंपनीच्या बीजकेंद्रात संशोधक होती. ती कातळावर पोचली तेव्हा तिथे जत्रा भरली होती. शंखपालन गटातल्या बायका एकमेकींना हळदकुंकू लावत होत्या. कुणीतरी नारळ फोडला होता आणि खोबऱ्याचे तुकडे हातोहात फिरत होते.

मावशीने लाज हा शब्द उगाच वापरला नव्हता. आदल्या वर्षी कंपनीने किनाऱ्यावरच्या महिला गटांना शंखांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, दिलं होतं. जात ठिपक्याची, म्हणजे पांढऱ्या कवचावर तपकिरी ठिपके असलेल्या शंखाची. त्याच्या मांसाला परदेशात मोठी मागणी. पिल्लं खाडीतल्या पिंजऱ्यांत सोडायची, सुक्या मासळीचा चुरा खाऊ घालायचा आणि अंगठ्याएवढी झाली की कंपनीला परत द्यायची, असा करार. पिल्लं चिंचोक्याएवढी झाली आणि तिथेच थांबली. कंपनी म्हणाली, बीज प्रमाणित आहे. म्हणजे एकतर बायकांनी खायला घातलं नाही, नाहीतर मोठे शंख परस्पर विकून लहान दाखवले. मग धक्क्यावर, होडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला आधी दिसेल अशा जागी, एक पाटी उभी राहिली. 'मालाच्या अफरातफरीचा संशय. व्यवहार करू नये. आनंदी गिरकर व गट, खारवेळ.'

"बघ," मावशी म्हणाली, "आता खाडीच साक्ष देता. आमी चोर नाय."

उत्तराने खिशातलं भिंग काढलं. चिमूटभर शंख तळहातावर घेतले आणि एकेकाचं टोक निरखलं. पाच-सहा पाहून झाल्यावर तिने भिंग खाली घेतलं.

"काय झाला गो?"

"काय नाय मावशे. नीट बघून सांगतंय," असं म्हणून तिने ते शंख बाटलीत भरले आणि ती केंद्राकडे निघाली. पाठीमागे बायका गाणं म्हणत होत्या.

शंख आपलं बालपण टाकून देत नाही. त्याचं कवच तोंडाच्या कडेने वाढत जातं, त्यामुळे जे सगळ्यांत आधी बनलं ते टोकाशी तसंच राहतं. म्हातारा शंख घेतला तरी त्याच्या टोकाला तान्हेपणीचं कवच शाबूत असतं. आणि तान्हा शंख हा तळावर सरपटणारा जीव नसतोच. मादी वाळूत पारदर्शक पुड्या घालते, त्यांतून टिंबाएवढ्या अळ्या बाहेर पडतात. प्रत्येकीच्या डोक्याशी दोन गोल पाळ्या असतात, पंखांसारख्या पसरलेल्या, कडेला अतिसूक्ष्म केसांची झालर. ते केस हलवून अळी पाण्यात तरंगते आणि त्याच केसांनी शेवाळाचे कण तोंडाकडे ओढते. असे काही आठवडे जातात. मग तिला पाय फुटतो आणि ती तळाचा वास घेऊ लागते. कातळावरच्या बुळबुळीत सायीचा वास आला की ती उतरते, पंख टाकते आणि शंख म्हणून जगायला लागते. तरंगताना बनलेलं कवच गुळगुळीत असतं, उतरल्यावरचं खरबरीत. दोहोंच्या मध्ये एक रेघ उमटते. त्या रेघेपर्यंतचे वेढे मोजले की ते पिल्लू किती वाढून खाली उतरलं हे कुणालाही कळतं.

ठिपक्याच्या टोकाला तीन गुळगुळीत वेढे असतात. उत्तराच्या बाटलीतल्या शंखांना जेमतेम दीड होता.

हे 'त्वरा'चं काम होतं. वेलांकुरच्या संचालकांनी, डॉ. यशोधन आजगावकरांनी, कातळाच्या वासाची हुबेहूब नक्कल करणारा रेणू प्रयोगशाळेत बनवला होता. टाकीत त्याचे थेंब टाकले की तरंगणाऱ्या अळीला वाटायचं, तळ आला. ती पंख टाकून उतरायची. अळ्यांना आठवडेच्या आठवडे जिवंत शेवाळ पुरवणं हा बीजकेंद्राचा सगळ्यांत जिकिरीचा भाग. त्वरामुळे तो जवळपास संपला. आजगावकरांकडे त्यासाठी आलेखही होता. तरंगण्याच्या दुसऱ्या निम्म्या काळात अळीची लांबी वाढतच नव्हती, रेघ सपाट होती. कंपनीच्या भाषेत त्या दिवसांना 'उशीर' म्हणत.

आजगावकर उत्तराचे गुरू. पीएचडीला तेच मार्गदर्शक होते आणि नोकरीही त्यांनीच दिली होती. ती थेट त्यांच्या खोलीत गेली. काचेपलीकडे खाडी दिसत होती आणि पिवळा कातळ.

"सर, आपल्या सांडपाण्यातून त्वरा खाडीत जातंय. जंगली अळ्या वेळेआधी उतरल्यात."

"पाहिलं मी." ते खुशीत होते. "काय दृश्य आहे! आणि प्रमाणाचं म्हणशील तर ते मर्यादेच्या आत आहे."

"मर्यादा मासे मरतात की नाही यावरून ठरवली आहे, सर. अळीला वास येतो की नाही यावरून नाही. तिला एक कण पुरतो."

"उत्तरा, लोक नारळ फोडताहेत. ही खाडी दहा वर्षं ओसाड होती. आणि तू मला सांगतेस की हे संकट आहे?"

"अपुऱ्या दिवसांची पिल्लं आहेत ती. सगळीच्या सगळी. यंदा खाडीत जेवढ्या अळ्या होत्या तेवढ्या एकदम उतरल्यात. त्या वाढणार नाहीत."

"कशावरून?"

"माझ्या लांबवलेल्या प्रयोगावरून. त्वराच्या पिल्लांची टाकी आणि साध्या पिल्लांची टाकी. पहिला महिना त्वराची पुढे होती. कंपनीची चाचणी तिथेच संपते. मी पुढे चालू ठेवलं. त्वराची थांबली, साधी त्यांच्या दुप्पट झाली. मी ती उघडून पाहिली होती. कल्ले निम्मे, हृदय दुबळं. त्या सपाट रेघेच्या दिवसांत अळी लांबीने वाढत नाही, पण आत चरबी साठवते, कल्ले घडवते, हृदय घडवते. आपण तेवढेच दिवस कापले."

"तो प्रयोग बाद झाला होता. तुझ्या टाकीचं तापमान बिघडलं होतं."

हे वाक्य तिने आधी एकदा ऐकलं होतं, याच खोलीत. तेव्हा तिने मान खाली घातली होती. आपलंच चुकलं, आपणच टाकी नीट राखली नाही, असं म्हणत ती कित्येक दिवस स्वतःला कोसत राहिली होती. आता तिच्या हातातल्या बाटलीत खाडीचे शंख होते. त्यांच्या टोकांवर तोच दीड वेढा होता, आणि खाडीचं तापमान कुणी बिघडवलं नव्हतं.

"सर, माझ्या टाकीचं तापमान खरंच बिघडलं होतं का?"

आजगावकरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "धक्क्यावर पाटी लागायच्या आधीपासून माहीत होतं. बायकांनी चोरले नाहीत, ते शंख वाढणारच नव्हते, हे तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही पाटी लावू दिलीत."

"एका प्रयोगावरून बाजार थांबवत नसतात. पाटी हा वसुली विभागाचा विषय आहे." त्यांनी समोरचा संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतचा किनारा होता आणि प्रत्येक खाडीच्या मुखाशी एक नारिंगी ठिपका. "किनारा भरणी योजना. पुढच्या हंगामात प्रत्येक खाडीत त्वराची फवारणी. खारवेळला जे आपोआप झालं ते सगळीकडे मुद्दाम करायचं. सरकार उत्सुक आहे. तुझं नाव मी प्रकल्पप्रमुख म्हणून दिलंय. जरा मोठा विचार कर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, माया होती. त्याच मायेने तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर पडली.

मावशीच्या अंगणात गटातल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. पिंजरे पुन्हा धुवायला काढले होते. उत्तराने त्यांना सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की कुणीच मान डोलावत नाहीये.

"म्हणजे ह्ये मरतले?" एकीने विचारलं.

"बहुतेक सगळे. शंखच नाय, कालवां, तिसऱ्या, सगळ्यांची पिल्लां उतरलीत."

"तू आमच्या तोंडातलो घास काढूक इलंस," दुसरी म्हणाली. "कंपनी सोडलंस, आता आमच्यावर राग काढतंस."

उत्तराने मावशीकडे पाहिलं. मावशी पिंजऱ्याची जाळी घासत होती. ती न बघताच म्हणाली, "माका चोर म्हटल्यानी तेव्हा तुझी टाकी बिघडलेली. आता माझी खाडी भरली तर ती पण बिघडलेली? आमच्या बाजूचा काय एक तरी खरा आसा काय गो?"

"मावशे, मी तुझ्याच बाजूनं बोलतंय."

"मगे गप रव. वर्षभर मान खाली घालून फिरलंय मी. आज पहिल्यांदा वर केलंय. खाली घालूक सांगू नको."

त्या दिवशी उत्तराने आपलं सामान उचललं आणि धक्क्याजवळच्या एका खोलीत ती राहायला गेली. मावशीने तिला थांबवलं नाही. किनाऱ्याच्या बातम्यांत मात्र खारवेळचा पिवळा कातळ रोज दिसत होता. 'खाडीला पुन्हा पान्हा फुटला', असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांच्या तोंडी झालं.

संक्रांत आली तरी शंख तिळाएवढेच होते. मग एके दिवशी वारा फिरला आणि गावात वास शिरला. कातळावरचा थर निसटून पाण्यात पडत होता. लाटेबरोबर किनाऱ्याला लागत होता तो रिकाम्या कवचांचा भुसा. बायका बादल्या भरभरून तो उपसत होत्या.

मावशी उत्तराच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मूठ बंद होती. तिने ती उघडली. "ह्येंका काय झाला, दाखव माका. सांगू नको. दाखव."

उत्तराने सूक्ष्मदर्शकाखाली एक रिकामं कवच ठेवलं आणि शेजारी जुना, चांगला वाढलेला ठिपक्या. मावशी बराच वेळ एका डोळ्याने बघत राहिली. आधी हा, मग तो, मग पुन्हा हा. उत्तराने रेघ कुठे आहे ते सांगितलं. मावशीने वेढे स्वतः मोजले.

"म्हणजे ही पोरां पोचली नव्हती," ती सावकाश म्हणाली. "पोचली नव्हती तरी तेंका उतरवल्यानी. घर इला म्हणान खोटा सांगून."

"होय."

"आणि पाटी माझ्या नावाची."

ती रडेल असं उत्तराला वाटलं. ती रडली नाही. तिने पदर खोचला आणि विचारलं, "आता ह्या सगळ्या किनाऱ्याक करतले?"

"योजनेची सुनावणी आसा. बोलूक होया."

जनसुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. व्यासपीठावर सुनावणी अधिकारी, बाजूला आजगावकर. समोर दहा-बारा खाड्यांची माणसं, बरीचशी आशेने आलेली. खारवेळला झालेली मर म्हणजे 'नैसर्गिक विरळणी', असं आजगावकरांनी सांगितलं. पिल्लं भरपूर झाली की बरीच मरतात. शिवाय बायकांनी हर्षभरात कातळ तुडवला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि लोक माना डोलावत होते.

उत्तराने पडद्यावर दोन टोकं दाखवली. मोठी, स्वच्छ, शेजारी शेजारी. तिने वेढे दाखवले, रेघ दाखवली. तुडवलेला शंख फुटतो, त्याचं टोक बदलत नाही, हे सांगितलं. सभागृहात कुजबुज झाली.

"आपल्याकडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"या जिल्ह्यातली एकमेव मान्यताप्राप्त प्रयोगशाळा वेलांकुरची आहे, साहेब."

"म्हणजे नाही."

मावशी उठली. तिला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. "साहेब, प्रमाणपत्र ऱ्हवांदेत. माझा एकच इचारणा आसा. शंख वाढूकच नव्हते, ह्या आता सगळ्यांनी बघला. मगे आमी चोर कशी?"

अधिकाऱ्यांनी समोरचा कागद उलटा केला, सुलटा केला. "तो मुद्दा आजच्या विषयात नाही, बाई. बसा."

"मगे खयच्या इषयात आसा, ता तरी सांगा."

"बसा म्हटलं ना."

मावशीने आजगावकरांकडे पाहिलं. ते पाणी पीत होते. योजनेला त्याच संध्याकाळी मंजुरी मिळाली.

पावसाळा सरला आणि फवारणीच्या होड्या निघाल्या. बुटक्या, नारिंगी, बिनचालकाच्या. पाठीवर त्वराची टाकी, पोटात नकाशा. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरायचं, फवारायचं, ओहोटीला बाहेर पडायचं. उत्तराला त्यांचा एक नियम माहीत होता. समोर माणूस दिसला की होडीने थांबायचं. आणि दुसरी गोष्टही माहीत होती. त्वराचा रेणू उन्हात दिवसभरात मोडतो. केंद्राच्या सांडपाण्यातूनही ते आता खाडीत येत नव्हतं, कारण फवारणीसाठी त्वराचा थेंबन् थेंब टाक्यांत भरला जात होता. म्हणजे खाडीत होडी शिरू दिली नाही, तर अळ्या वाचत होत्या. आणि कायमचं अडवायची गरज नव्हती. अळ्या आपल्या पायांनी उतरेपर्यंत पुरे होतं.

खारवेळचं मुख अरुंद आहे, मधोमध वाळूची पट्टी. पहिली नारिंगी होडी आली तेव्हा त्या पट्टीवर मावशी उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात, एका हाताने पदर डोक्यावर धरून. तिच्या दोन्ही बाजूंना बायकांची रांग. होडी जवळ आली, थांबली, बाजूला सरकली. बायकाही सरकल्या. होडी पुन्हा थांबली आणि तिच्यातून एक गोड आवाज आला, "कृपया मार्ग मोकळा करा. आपल्या समृद्धीसाठी."

"तुझ्या मालकाक पाठव," मावशी म्हणाली, "यंत्रावांगडा भांडूक माका येळ नाय."

पाणी चढलं की बायका आपल्या होड्यांत बसायच्या आणि होड्या दोरीने एकमेकींना बांधून मुखात आडव्या लावायच्या. ओहोटीला पुन्हा पट्टीवर. पाळ्या लावल्या होत्या, घरचं जेवण तिथेच यायचं. पोलीस आले. दोघींना घेऊन गेले आणि संध्याकाळी सोडून दिलं. आजगावकरांनी उत्तराला फोन केला. "तू या बायकांची फसवणूक करते आहेस. शेजारच्या खाड्या भरतील आणि यांच्या पदरी काळा कातळ राहील. तेव्हा काय सांगशील त्यांना?"

"खरं तेच सांगेन, सर. तुम्हीही एकदा सांगून बघा." तिने फोन ठेवला. ते बरोबर ठरले तर, हा विचार तिच्याही मनाला शिवून गेला होता.

रोज सकाळी ती बारीक जाळीने पाणी गाळायची आणि काचेच्या वाडग्यात अळ्या बघायची. एकदा मावशी शेजारी येऊन बसली. उत्तराने भिंग तिच्या हातात दिलं. वाडग्यात शंखांची पिल्लं तरंगत होती. पारदर्शक, मोहरीहूनही बारीक, दोन्ही पंख उघडून. एखादं दचकलं की पंख आत ओढायचं, खाली जायचं, मग पुन्हा पसरून वर.

"अरे देवा," मावशी हळूच म्हणाली. "ह्येका कंपनी उशीर म्हणता?"

पलीकडच्या तांबळवाडीच्या खाडीतल्या चित्रफिती रोज यायच्या. पिवळा कातळ, नारळ, गुलाल, मंत्र्यांचं भाषण. खारवेळच्या गटातल्या काही बायका कुरकुरल्या. तिघी सोडून गेल्या. जाताना एकीने मावशीला ऐकवलं, "तुझ्या भाचीच्या हट्टापायी आमची पोरां उपाशी मरतली." दुसऱ्या दिवशी त्या तिघींच्या पाळ्या मावशीने स्वतः केल्या.

मग उत्तराच्या जाळीत अळ्या कमी होत गेल्या आणि एका ओहोटीला तिला कातळाच्या फटीत पहिलं पिल्लू सापडलं. तीन गुळगुळीत वेढे, मग रेघ. शोधून शोधून आणखी काही सापडली. लाखो नव्हतीच, पसाभर. कातळ काळाच दिसत होता. "सोडा आता," ती बायकांना म्हणाली. बायकांनी दोऱ्या सोडल्या आणि घरी जाऊन झोपल्या.

उन्हाळ्यापर्यंत सगळ्या किनाऱ्याला वास सुटला. तांबळवाडी, त्याच्या पलीकडची खाडी, त्याच्याही पलीकडची. शंख गेले, कालवं गेली, तिसऱ्या गेल्या. वर्षाची सगळी पिढी एकाच वेळी उतरली आणि एकाच वेळी संपली. वेलांकुरने पत्रक काढलं. समुद्राचं वाढतं तापमान, मच्छीमारांची अनास्था. तांबळवाडीच्या धक्क्यावर नवी पाटी लागली, तिथल्या महिला गटाच्या नावाची. त्याच महिन्यात आजगावकरांना किनारा पुनरुज्जीवनाबद्दल मोठा सन्मान मिळाला. उत्तराने तो समारंभ पडद्यावर पाहिला आणि शाल अंगावर पडताना तो पडदा बंद केला.

खारवेळच्या खाडीत मात्र ठिपक्या वाढला होता. अंगठ्याएवढा, जाड कवचाचा. पुढच्या पावसाआधी माद्यांनी वाळूत पुड्यासुद्धा घातल्या. ते कळल्यावर तांबळवाडीच्या बायका एका सकाळी होडी घेऊन आल्या. त्यांना थोडे मोठे शंख हवे होते, आपल्या खाडीत सोडायला. मावशी त्यांना चहा देत होती, तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि आजगावकर उतरले.

ते थकल्यासारखे दिसत होते. कुणी बसा म्हटलं नाही, तरी ते पडवीच्या कडेला बसले. "उत्तरा, तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "मी मान्य करतो. आम्ही सुधारित त्वरा बनवतोय, पूर्ण दिवस भरल्यावरच काम करणारं. पण त्यासाठी निरोगी प्रौढ शंख हवेत, आणि ते आता फक्त इथे आहेत. तू परत ये. विभाग तुझा."

पूर्ण दिवस भरलेल्या अळीला असलं औषध लागतंच कशाला, हे उत्तराच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. पंधरा वर्षं ती या माणसाच्या तोंडून 'तुझं बरोबर होतं' हे ऐकायची वाट बघत होती. आता ऐकलं आणि तिला काहीच वाटलं नाही.

"हे मला कशाला सांगताय, सर? यांना सांगा." तिने तांबळवाडीच्या बायकांकडे हात केला. "तुमच्या पाटीवर नाव आहे ते यांचं. धक्क्यावर चला आणि लोकांसमोर सांगा, की यांनी चोरी केली नाही, आपल्या औषधाने खाड्या मेल्या. मग बोलू."

"जाहीर निवेदन माझ्या हातात नाही. कायदा विभाग..." ते मावशीकडे वळले. "आनंदीबाई, पाट्यांचं मी बघतो. या आठवड्यातच काढून टाकायला लावतो. गाजावाजा न करता. माझा शब्द."

मावशीने हातातली किटली खाली ठेवली.

"लावलात तेव्हा चार गावांसमोर लावलात," ती म्हणाली. "आणि काढतलात माझ्या कानात सांगून? ऱ्हवांदे. आसू दे ती पाटी थय. जो येतलो तेका मी स्वतः वाचून दाखवतलंय, आणि मगे ती कोणी लावलेली आणि कित्याक, ताय सांगतलंय."

"आनंदीबाई, तुम्ही भावनेच्या भरात..."

"शंख मिळूचे नाय तुमका. एकसुद्धा नाय. उठा."

ते उठले. उत्तराकडे त्यांनी एकदा पाहिलं, तिने नजर चुकवली नाही. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा मावशी परसात गोणपाटं भिजवत होती. तांबळवाडीच्या बायका उठून तिच्या मदतीला गेल्या. ओल्या गोणपाटांत शंख भरले जाऊ लागले, मोठमोठे, ठिपक्यांचे, एकमेकांवर खडखडणारे.

"आमची खाडी कधी भरतली?" त्यांतल्या एकीने उत्तराला विचारलं.

"ह्या वर्षी नाय. पुढच्या वर्षी पण थोडीच. होडी इली तर आमका हाक मारा, आमी येतलंव पट्टीर उभी ऱ्हवाक."

"गप्पा मगे," मावशी ओरडली. तिने एक गोणपाट खांद्यावर घेतलंही होतं. "धरा दुसऱ्या बाजूक. भरती लागता."